प्लँटेड टँकमधली झाडं पुन्हा पुन्हा खंगतात, शेवाळ चढतं: जड पाण्यात दिवा आणि सीओटू कसा तपासायचा

लक्षणं

प्लँटेड टँक, म्हणजे पाण्यातली झाडं लावलेली माशांची काचेची टाकी. तिच्यात पानांच्या कडांवर, फिल्टरच्या पाइपाच्या तोंडाशी आणि लाकडाच्या कंगोऱ्यांवर काळ्या-करड्या केसांसारख्या शेवाळाचे आखूड झुपके. ओढले तर पान फाटतं, झुपका निघत नाही. नवं पान मागच्यापेक्षा लहान आणि शेंड्याला पीळ पडलेलं. खोडाचा खालचा भाग उघडा, गळालेली पानं वर तरंगणारी. वॅलिसनेरिया असेल तर तिच्या जुन्या पानांवर पांढरट थर, बोट फिरवलं तर बारीक वाळूसारखा खरखरीत. पाणी बदललं त्या दिवशी झाडांतून बुडबुडे, तिसऱ्या दिवशी सगळं बंद. काही टँकमध्ये पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि दुपारपर्यंत सावरतात.

यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर बिघाड बहुधा एकच असतो. दिवा झाडांकडून जेवढं काम मागतो, तेवढा कार्बन डायऑक्साइड (सीओटू, पुढे नुसतं गॅस) त्यांना मिळत नाही, किंवा रोज सारखा मिळत नाही. अशा वेळी दुकानातून जास्त वॅटची पट्टी आणली की पंधरा दिवसांत झुपके दुप्पट होतात. कृपा करून नवा दिवा सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेक टँकना तो लागतच नाही.

त्या पांढऱ्या थराकडे नीट बघा, कारण तो इथल्या पाण्याची खास खूण आहे. पान काढून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यातला मोकळा सीओटू संपला की वॅलिसनेरिया आणि हायड्रिला यांसारखी झाडं विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. त्या खटपटीत पानालगतच्या पाण्याचा पीएच चढतो आणि चुना पानावरच बसतो. मराठवाड्यातल्या काळ्या बेसाल्टातून वर येणाऱ्या बोअरच्या जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, म्हणून ही झाडं कशीबशी तग धरतात. मॉसला ती सोय नाही, ते आधी जातं. तेव्हा थर दिसला की पाण्याला दोष देण्याआधी सीओटू तपासायला घ्या.

बुडबुड्यांचंही तसंच. काचेवर, लाकडावर, पानांवर सगळीकडे सारखे चिकटलेले बुडबुडे हे नव्या पाण्यातून सुटणाऱ्या हवेचे असतात, त्यांना भुलू नका. पानाच्या कडेच्या किंवा खोडाच्या एकाच बिंदूतून मोत्यांच्या सरीसारखे वर जाणारे बुडबुडे मात्र झाडाने सोडलेल्या ऑक्सिजनचे. ही सर फक्त पाणी बदलल्यावर दिसत असेल, तर ताज्या बोअरच्या पाण्यातून आलेल्या सीओटूवर झाड एक दिवस जेवलं आणि पुन्हा उपाशी राहिलं, असं समजा.

फुकटातली तपासणी: घड्याळ, खिडकी आणि इन्व्हर्टर

दिवा दिवसाला किती तास लागतो ते वहीत लिहा. अंदाज नको, आठ दिवस नोंद. सहा ते आठ तास पुरतात. झुपके आलेल्या टँकला सहाच. सकाळी घरात कोणीतरी लावतं आणि रात्री झोपताना बंद होतो, तेव्हा सहज चौदा तास होतात. खिडकीतून ऊन काचेवर येत असेल तर तेही धरा. पश्चिमेच्या खिडकीतलं तासाभराचं ऊन एलईडीपेक्षा कितीतरी प्रखर असतं, आणि त्या तासाला सीओटू कधीच पुरत नाही. पडदा लावा किंवा काचेला मागून काळा कागद चिकटवा.

टायमर असूनही गडबड होते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की जागीच थांबतो. रोज दोन तास वीज गेली तर पाच दिवसांत तो दहा तास मागे पडतो आणि दिवा भलत्याच वेळी लागतो. त्यात सीओटूचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा गॅसचा व्हॉल्व्ह) बॅटरीवाल्या डिजिटल टायमरवर असेल तर तो आपल्या वेळेवर चालतो. मग सकाळी गॅस अंधारात वाया जातो आणि मध्यरात्री झाडं गॅसविना उजेडात उभी राहतात. दोन्हीला बॅटरीवाले डिजिटल टायमर लावा. गॅस दिव्याआधी दीड-दोन तास सुरू व्हावा आणि दिवा बंद होण्याच्या तासभर आधी बंद व्हावा. कारण साधं: पाण्यात सीओटू भरायला वेळ लागतो, आणि दिवा लागल्या क्षणापासून झाड तो मागतं. पहिले दोन तास उपाशी काढायला लागले की झुपक्यांना संधी मिळते.

आता बोर्डाकडे या. कोणती पिन इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे आणि कोणती नाही, हे मेन स्विच पाडून बघा. अनेक घरांत दिवा इन्व्हर्टरवर निघतो आणि सोलेनॉइड साध्या पॉइंटवर. वीज गेली की उजेड चालू, गॅस बंद. रोज दोन-तीन तास असं झालं तर बाकी सगळं बरोबर असूनही शेवाळ जात नाही. उलटा प्रकार त्याहून वाईट: गॅस इन्व्हर्टरवर आणि फिल्टर साध्या पॉइंटवर. पाणी हलायचं थांबतं, गॅस साचत जातो, मासे गुदमरतात. मांडणी अशी ठेवा: दिवा आणि सोलेनॉइड दोन्ही साध्या विजेवर, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, म्हणजे जातील तेव्हा सोबत जातील. फिल्टर किंवा एअर पंप इन्व्हर्टरवर, कारण माशांना तो लागतो. झाडांना दोन तासांच्या अंधाराने काही होत नाही. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर दिव्याचे तास त्या वेळेबाहेर सरकवा. संध्याकाळी चार ते रात्री दहा झाडांना चालतं आणि घरच्यांनाही टँक बघायला मिळतो.

दिवा कमी करणं

६० सेंमी लांब, ३० रुंद, ३६ उंच अशा टँकमध्ये दगडमाती वजा जाता साधारण ५५ लिटर पाणी बसतं. त्याला ९०० ते ११०० लुमेन, म्हणजे ६५०० केल्विनची साधी १० ते १२ वॅटची एलईडी पुष्कळ झाली. लिटरमागे १५ ते २० लुमेन हा बिनगॅसच्या टँकचा आवाका. लिटरमागे ४० च्या वर गेलात तर सीओटू रोज घड्याळासारखा आणि पुरेपूर द्यावाच लागतो. आपल्याकडच्या वीज-पाण्याच्या भरवशावर ते निभवणं कठीण आहे, म्हणून मधला मार्ग बरा.

डिमर असेल तर निम्म्यावर आणा. नसेल तर पट्टी १० ते १५ सेंमी वर टांगा. झाकणाची काच मात्र आधी पुसा. उडालेल्या थेंबांचे क्षार तिच्यावर बसतात आणि महिनाभरात ती दुधाळ होते. व्हिनेगरचं फडकं फिरवून साध्या पाण्याने धुवा. ती न पुसताच दिवा मंद केला तर तुमचा हिशेब चुकेल.

त्यानंतर तीन आठवडे थांबा. जुनी, झुपके चढलेली पानं सुधारत नाहीत, ती कापून टाका आणि फक्त नव्या पानांवरून निकाल घ्या. दगड-लाकडावरचे झुपके मारायचे असतील तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४ लिटर पाण्यामागे १ मिली घ्या, फिल्टर बंद करून सिरिंजने थेट झुपक्यावर सोडा, दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. झुपके गुलाबी-लाल होऊन मरतात. मॉस आणि वॅलिसनेरियापासून ते लांब ठेवा. मूळ कारण तसंच राहिलं तर महिन्याभरात झुपके परत येतात.

पाणी हलतंय का, आणि किती

फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. तासाला टँकच्या पाच-सहा पट पाणी फिरायला हवं, म्हणजे ५५ लिटरला तीनशेच्या आसपास. खरी कसोटी आकड्यात नाही, पानांत आहे: मागच्या कोपऱ्यातलं आणि पुढचं बुटकं झाड, दोन्ही हळूहळू डुलली पाहिजेत. जिथे पान स्थिर, तिथे गॅस पोहोचत नाही आणि झुपके तिथूनच सुरू होतात.

पृष्ठभागावर बारीक लहरी हव्यात, खळखळाट नको. खळखळाटात दिलेला गॅस उडून जातो. उन्हाळ्यात इथे एक जास्तीची भानगड होते, ती म्हणजे हॉलमधला कूलर. त्याचा झोत थेट टँकवर येत असेल तर पाणी थंड होतं खरं, पण सीओटूही तितक्याच वेगाने निघून जातो. मग मार्चपर्यंत ठीक असलेला टँक एप्रिलमध्ये बिघडतो. झोत वळवा. पाणी ३१-३२ अंशांवर जात असेल तर छोटा पंखा तिरका लावून २ ते ४ अंश उतरवता येतात, कोरड्या हवेत ते छान जमतं. मात्र उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. बोअरचं घालत राहिलात तर पाणी उडतं, क्षार राहतात, आणि जूनपर्यंत टँक विहिरीपेक्षा जड होतो. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३२ ला ७.३ च्या आसपास. म्हणून हिवाळ्यात चाललेला गॅसचा वेग मे महिन्यात माशांना जड जातो.

सीओटू मोजणं: इथेच सगळ्यात जास्त मासे मरतात

ड्रॉप चेकर ही टँकच्या आत लावायची काचेची वाटी, तिच्यातल्या द्रावणाचा रंग सीओटूप्रमाणे बदलतो. निळा म्हणजे गॅस कमी, पोपटी-हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) जवळ, पिवळा म्हणजे जास्त. रंग दीड-दोन तास उशिरा बदलतो, तेव्हा दिवा लागताना आणि त्यानंतर तीन तासांनी असा दोनदा बघा. दिवा लागतानाच तो हिरवा असायला हवा.

चूक होते ती वाटीत काय भरलं यात. आत ४ केएचचंच द्रावण लागतं (केएच हे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप). टँकचं पाणी भरलं आणि ते १५ केएचचं असलं, जे आपल्या बोअरला नवलाचं नाही, तर हिरवा रंग ३० ऐवजी ११० पीपीएमच्या वर दिसतो. म्हणजे हिरवा दिसेपर्यंत मासे मेलेले असतात. द्रावण घरी होतं: बॅटरीत घालायच्या ५ लिटर डिस्टिल्ड पाण्यात (ॲसिड नव्हे, नुसतं पाणी) ६ ग्रॅम खाण्याचा सोडा नीट विरघळवा, हे झालं ४० केएच. त्यातलं १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली डिस्टिल्ड पाणी घाला. ६ ग्रॅम सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या, चमच्याने नको. सोडा शुद्ध हवा, बेकिंग पावडर नव्हे. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रवाचे) तीन-चार थेंब.

दुसरी चूक पीएचच्या आकड्याची. 'पीएच ६.५ वर आणा' हा सल्ला मऊ पाण्याचा आहे. सीओटू म्हणजे ३ गुणिले केएच गुणिले दहाचा (७ वजा पीएच) घात. केएच ४ ला पीएच ६.६ वर ३० पीपीएम मिळतात. केएच १५ ला तेच ३० पीपीएम ७.२ वरच होतात, आणि ६.५ पर्यंत ओढलं तर १४० च्या वर जातात. आपल्या पाण्यात ७.२ हा चांगला पीएच आहे, त्याला घाबरून ॲसिड ओतू नका.

केएच मोजायचं किट नसेल तर उताराची पद्धत वापरा. एका ग्लासात टँकचं पाणी घेऊन रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, सकाळी पीएच मोजा. समजा ८.२ आला. गॅस सुरू असताना टँकचा पीएच त्याहून साधारण १ ने कमी, म्हणजे ७.२ असावा. ताज्या बोअरच्या पाण्याचा पीएच मूळ आकडा म्हणून धरू नका. जमिनीतून येताना त्यात सीओटू विरघळलेला असतो, त्यामुळे तो ७ च्या आसपास दाखवतो आणि चोवीस तासांत चढतो.

गॅसचा वेग वाढवायचा तर दिवसाला थोडासाच, आणि सुट्टीच्या दिवशी. मासे वर आले तर गॅस बंद, एअर पंप चालू, निम्मं पाणी बदला.

गॅस निघतोय, पण पोहोचत नाही

डिफ्यूझरमधून (गॅस पाण्यात बारीक करून सोडणाऱ्या चकतीतून) बारीक धुक्यासारखे बुडबुडे यायला हवेत. मोठे बुडबुडे एकाच जागेतून येत असतील तर चकती तुंबली आहे. आधी ती व्हिनेगरमध्ये दोन तास ठेवा, त्याने क्षार जातात. खळखळून धुवा, वाळवा. मग एक भाग ब्लीच आणि पंधरा भाग पाण्यात रात्रभर, त्याने शेवाळ जातं. पुन्हा धुऊन हायपोच्या (क्लोरीन घालवणाऱ्या खड्यांच्या) पाण्यात बुडवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

सिलिंडर असेल तर दर जोडावर साबणाचं दाट पाणी लावा: सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला नट, नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा वेग ठरवणारा), बबल काउंटर (बुडबुडे मोजायची नळी). सिलिंडर बदलताना नायलॉनचा वॉशर नवा टाका. पाइप साध्या सिलिकॉनचा असेल तर त्याच्या अंगातूनच गॅस पाझरतो, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) घ्या. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह फुंकून बघा. दोन्हीकडून हवा जात असेल तर एक दिवस टँकचं पाणी सोलेनॉइडमध्ये शिरेल.

सिलिंडरऐवजी गॅस साखर-यीस्टच्या बाटलीतून घेत असाल, तर ती रात्री आणि वीज गेल्यावर थांबत नाही. पहाटे वर येणाऱ्या माशांचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं. रात्री एअर पंप लावा. २०० ग्रॅम साखर, १ लिटर पाणी, पाव चमचा यीस्ट हे प्रमाण हिवाळ्यात दोन-तीन आठवडे चालतं, मे महिन्यात ते जोरात सुटून आठवड्यात संपतं. चढ-उतार झुपक्यांना फार मानवतो. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा किट त्याहून बरा, कारण त्याला सोलेनॉइड जोडता येतो. दोन्हींसाठी कोल्ड्रिंकची जाड बाटलीच वापरा, पाण्याची पातळ बाटली फुटते.

खत, आणि पिवळी पडलेली नवी पानं

उसावर केवडा पडतो तसं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोह. खत घालूनही फरक पडत नसेल तर बाटलीवर बघा. ईडीटीए चिलेटेड लोह ७.५-८ पीएचच्या पाण्यात फार टिकत नाही, खाली बसतं. चुनखडीच्या जमिनीत मोसंबीला जे ईडीडीएचए लोह देतात तेच इथे लागतं. १०० लिटरला ०.१ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. पाण्याला हलका लालसर रंग येतो, तो राहू द्या.

जुनी पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजन. कृषी केंद्रातलं १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १०० लिटरला १ ग्रॅम दिलं की नायट्रेट सुमारे ६ पीपीएम आणि पोटॅशियम ४ पीपीएम वाढतं. १०-२० पीपीएम नायट्रेट पुरे. १९:१९:१९ चुकूनही घालू नका, त्यातल्या युरिया आणि अमोनियाने मासे मरतात.

दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, असं खताच्या पद्धतींत सांगितलेलं असतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या भागात हा सल्ला पेलवत नाही. दिवा कमी ठेवला की खतही कमी लागतं, आणि मग आठवड्याला २० टक्के पुरतं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट आहेच.

पाणीच बदलायचं असेल तर

हे खर्चाचं काम, म्हणून इतक्या खाली. क्रिप्टोकोरिन, अनुबियास, जावा फर्न, हायग्रोफिला, वॅलिसनेरिया यांना जड पाणी चालतं. टोनिना किंवा इरिओकॉलॉन हवंच असेल तर आरओचं पाणी मिसळून केएच बराच खाली आणा. मिठावर चालणारा घरगुती सॉफ्टनर उपयोगाचा नाही: तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, केएच तेवढाच राहतो. टँकरच्या पाण्याचा स्रोत दर वेळी वेगळा असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी मोजा.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर किंवा पट्टीला लागल्यावर झिणझिण्या आल्या तर एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) त्यानेच बघावा.

रेग्युलेटर उघडू नका. नीडल व्हॉल्व्ह बंद असूनही बुडबुडे येत राहिले, किंवा कामाच्या दाबाचा काटा आपोआप चढत गेला, तर सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर दुरुस्तीला द्या. सिलिंडरच्या आतला दाब २५ अंशांना सुमारे ६४ बार असतो आणि आत द्रव आहे तोवर काटा हलत नाही, म्हणून किती गॅस उरला ते काट्यावरून कळत नाही, वजनावरून कळतं. ३१ अंशांच्या वर आत द्रव उरतच नाही आणि ठासून भरलेल्या सिलिंडरचा दाब भराभर चढतो. मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात तो ठेवू नका, आणि भरणाऱ्याला ठरल्या वजनापेक्षा जास्त भरू देऊ नका. मानेवरची हायड्रो टेस्टची तारीख उलटून गेली असेल तर भरून घेऊ नका. अग्निशामकाचा जुना सिलिंडर वापरू नये. त्याच्या आत खालपर्यंत गेलेली नळी असते, ती द्रव थेट रेग्युलेटरमध्ये ढकलते.

व्हॉल्व्हमधूनच फुसफुस येत असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. २ किलो गॅस दहा बाय दहाच्या बंद खोलीत सुटला तर हवेत तो सुमारे ४ टक्के होतो, आणि ते जिवावर बेतणारं प्रमाण आहे. गॅस जड असल्याने जमिनीलगत साचतो, तिथेच लहान मुलं झोपतात. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि भरणाऱ्या एजन्सीला बोलवा.

दुरुस्त होऊन आलेला सेट जोडताना आधीचा वेग आठवून तोच लावू नका. ५५ लिटरला दोन सेकंदांना एका बुडबुड्यापासून सुरू करा, आणि दिवसभर घरी असाल असाच दिवस त्यासाठी निवडा.